आज सही नाही, उद्या या

माइक जरा खाली घ्या हो कुणीतरी. माझी उंची बघा आणि याची बघा. हां, एवढा बस. मागे ऐकू येतंय का?

जमलेल्या सगळ्या भावांनो, बहिणींनो, कोर्टातल्या वकील मंडळींनो, पालेगावची माझी माणसं, उल्हासनगरहून आलेले शेठ लोक, सगळ्यांना नमस्कार. मी सुनंदा. राहणार पालेगाव. मी वकील नाही, नगरसेविका नाही, मला भाषणं जमत नाहीत. वकीलबाईंकडे माझी केस आहे. होती म्हणू का आहे म्हणू, तेच कळत नाही. केस आहे. बाई नाहीत.

अनघा मॅडम, बाईंच्या हाताखाली शिकलेल्या, या पुढे बसल्यात. त्यांनी फोन केला, म्हणाल्या, मावशी, तुम्ही पण दोन शब्द बोला. मी म्हटलं, मॅडम, माझ्याकडे गोड शब्द नाहीत. त्या म्हणाल्या, जे असतील ते बोला. तेव्हा आता ऐकून घ्या. अर्ध्यात मला कुणी खाली बसवायचं नाही.

मंगळवारी सकाळी बाई कोर्टाला निघाल्या. दारात चप्पल घालता घालता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मला कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हातातली जुडी हातातच राहिली. रडायला यायला पाहिजे होतं, आलं नाही. मला राग आला. खरं सांगते, पहिला राग आला. म्हटलं, अशा कशा गेलात बाई? आपलं भांडण अर्धं टाकून कशा गेलात?

माझ्याआधी चार जण बोलले. देवमाणूस म्हणाले, गरिबांची आई म्हणाले. असतील हो. तुम्हाला असतील. माझी पोर गेली तेव्हापासून मी बाईंशी भांडत होते, आणि बाई माझीच केस लढत होत्या. हे असं कसं, ते सांगायलाच उभी राहिलेय.

बाईंचा नियम तुम्हाला माहीत आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अंबरनाथला फरसाणच्या दुकानावर ती एक खोली, बाहेर पॅसेजमध्ये बाकडं. आत गेलं की बाई आधी पाण्याचा ग्लास पुढे करायच्या. सगळं ऐकून घ्यायच्या. आणि मग म्हणायच्या, आज सही नाही, उद्या या.

कुणी का असेना. नवरा-बायको भांडत जिना चढून येत, आत्ताच्या आत्ता घटस्फोटाचे कागद करा म्हणत. बाई म्हणायच्या, आज सही नाही. कुणी मृत्युपत्रातून मोठ्या मुलाचं नाव काढा म्हणून येई. आज सही नाही. रागात केलेली सही माणसाला जन्मभर पुरते, असं त्यांचं म्हणणं.

आणि खोटं नव्हतं ते. आमच्या पालेगावचंच सांगते ना. जमिनी बिल्डरला जायला लागल्या तशी आमच्याकडे एक नवीनच रीत पडली. भाऊ बहिणींना जेवायला बोलवायचे. मटण-भाकरी, साडी, कुंकू, सगळं. आणि जेवण झालं की त्याच गाडीत घालून रजिस्टर ऑफिसात. हक्कसोड. माहेरचा हिस्सा सोडला असा कागद. आंबट तोंड करायची सोय नाही, कारण तोंडात भावाच्या घरचं पान असायचं. माझ्या स्वतःच्या नणंदा अशाच त्या गाडीतून सहीला गेल्या. बाईंनी बायकांना सांगायला सुरुवात केली, जेवा, साडी घ्या, आणि भावाला सांगा, सही उद्या करते. नुसतं उद्या करते म्हणा, भांडू नका. गावातले पुरुष बाईंवर असे उखडले होते! ते आज इथे पहिल्या रांगेत डोळे पुसतायत. पुसा, पुसा.

म्हणजे नियम चांगलाच होता. मी नाही म्हणत नाही.

आता माझं ऐका.

माझी मुलगी रेश्मा. बऱ्याच जणांनी तिला पाहिलंय. बदलापूरला फ्लॅट होता तिचा, तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेला, छोटासा. लग्न भूषणशी झालं. भूषण आनंदनगरला एमआयडीसीत कामाला. भांडणं कशावरून व्हायची? तिला विचारा, सांगता यायचं नाही. त्याला विचारा, त्यालाही नाही. शेवटी बाईंकडेच आले दोघं. बाईंनी त्यांना इतक्या वेळा परत पाठवलं, इतक्या वेळा उद्या या केलं, की मीच वैतागले. शेवटी दोघांच्या मर्जीनं घटस्फोट झाला. चिऊ, माझी नात, तेव्हा दुपट्यातली. ती रेश्माकडे राहील, भूषण येऊन भेटेल, असं ठरलं. कोर्टाच्या पायरीवर दोघं एकमेकांशी नीट बोलले. मी बघितलंय. मग तो भेटायला यायचा, मधेच यायचा नाही, पुन्हा यायचा. आमची तक्रार असायची. त्याचीही असेल.

मग रेश्माची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं. पोरगी निम्मी झाली, पण जीभ तशीच, माझ्यासारखी. एक दिवस म्हणाली, आई, मला माझं मृत्युपत्र करायचंय. मी म्हटलं, जीभ झडो तुझी. ती म्हणाली, झडायच्या आत करते, चल.

गेलो. मी चिऊला घेऊन बाहेर बाकड्यावर बसले, ती आत. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. भूषणचं आणि तिचं आदल्याच दिवशी फोनवर वाजलेलं. ती तडतडत होती. म्हणाली, लिहा बाई, फ्लॅट चिऊला. लिहा, चिऊ माझ्या आईकडेच राहील. लिहा, बापाचा तिच्यावर कसलाही हक्क नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, रेश्मा, पहिलं लिहिता येईल. दुसरं तुझी इच्छा म्हणून लिहिता येईल. तिसरं लिहून उपयोग नाही. बाप जिवंत असताना आईनं कागदावर कुणाचंही नाव घातलं तरी कायदा पहिला बापाकडे बघतो. पण जज तुझी इच्छा वाचेल. पोरीचं भलं कशात आहे ते बघेल. म्हणून ते नीट लिहू, रागानं नको. मी कच्चा कागद करून ठेवते.

आणि मग म्हणाल्या. काय म्हणाल्या ते सांगायला पाहिजे का?

रेश्मा हसत बाहेर आली. म्हणाली, आई, आपल्याला पण उद्या या मिळालं.

घरी आलो. तिनं दुसऱ्या दिवसासाठी कपडे काढले. निळा ड्रेस, त्याची ओढणी, स्वतः इस्त्री केली, खुर्चीवर घालून ठेवली. दमली होती, मी म्हटलं मी करते, तर नाही म्हणाली. आमटीभात जेवली, चिऊला कुशीत घेऊन झोपली. सकाळी चिऊनं मला हाक मारली. म्हणाली, आजी, आई उठत नाही.

थांबा जरा. पाणी द्या.

खुर्चीवर तो ड्रेस तसाच होता. अजून आहे. मी हलवला नाही. येणारे-जाणारे सांगतात, सुनंदा, बरं नाही हे, उचलून ठेव. कसा उचलू? ती जायला तयार होऊन बसलीय. तिला उद्या जायचंय. पहाटे जाग आली की मला अजून वाटतं, आज लवकर आवरायला हवं, रेश्माला घेऊन अंबरनाथला जायचंय. आणि मग कळतं.

दिवसकार्य होईपर्यंत भूषण थांबला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आला, आणि चिऊला घेऊन गेला उल्हासनगरला, त्याच्या आईकडे. बाप आहे तो, कोण अडवणार? ती दारातून मागे वळून बघत होती, तिला वाटलं मी पण येतेय.

मी तशीच उठले आणि बाईंच्या ऑफिसात गेले. आत बसलेल्या लोकांसमोर त्यांना काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुमच्या त्या एका ‘उद्या’पायी माझी पोर रिकाम्या हातानं गेली. घ्या, किती उद्या पाहिजेत तुम्हाला? मला त्याचं वाईट वाटत नाही. आजही वाटत नाही. कायदा बाईंच्या बाजूनं होता हो. त्या सांगू शकल्या असत्या, की सही झाली असती तरी भूषण पोरीला नेऊ शकला असता. सांगू शकल्या असत्या, की फ्लॅट तसाही चिऊचाच आहे, कोर्टाला विचारल्याशिवाय तो बापालाही विकता येणार नाही. हे सगळं मला नंतर कळलं, दुसऱ्यांकडून. त्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, सुनंदाताई, बसा. चिऊच्या ताब्याचा अर्ज आपण करू.

आणि केला. तारखेमागून तारखा. कोर्टानं सध्यापुरतं ठरवलं, शनिवारी चिऊ आजीकडे. बाकी निकाल बाकी.

तर त्यामुळे मी सारखी त्या बाकड्यावर. आणि आतून मला ऐकू यायचं काय? आज सही नाही, उद्या या. तेच! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा न राहवून मी आत शिरले. म्हटलं, बाई, अजून तुमचं तेच चाललंय? तुमची जीभ कशी वळते? बाई म्हणाल्या, सुनंदाताई, सही करून पस्तावलेल्या किती जणी येतात ते तुम्ही रोज बघता. रेश्माचं झालं ते वाईट झालं, पण ती एक.

मी म्हटलं, एक? बाई, माझी एकच होती.

बाईंनी चष्मा काढला. पुसत बसल्या. किती तरी वेळ पुसत बसल्या.

त्यानंतरची गोष्ट. उल्हासनगरच्या कॅम्प चारचे कापडवाले शेठ, ते बघा, खांबाजवळ बसलेत, ठणठणीत आहेत, देव त्यांना असंच ठेवो. तेव्हा त्यांची अवस्था बघवत नव्हती. जिना चढून आले ते भात्यासारखे धापा टाकत. मृत्युपत्र करायचं होतं. बाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकलं, आणि सवयीनं म्हणाल्या, शेठ, आज साइन नहीं. शेठ म्हणाले, मॅडम, कल मैं रहा तो ना?

बाईंनी दारातून माझ्याकडे बघितलं. मी बाकड्यावरच होते. एकदम उठल्या. अनघा मॅडमना म्हणाल्या, कागद आत्ता टाइप कर. स्वतः खाली धावल्या. खालचे डॉक्टर आणि फरसाणवाले भाऊ, दोघांना साक्षीला हाताला धरून वर आणलं. डॉक्टरांच्या गळ्यात ती नळी तशीच. फरसाणवाल्यांच्या हाताला बेसन. शेठनी तेव्हाच सही केली. बरोबर ना शेठ? सांगा त्यांना.

हो म्हणतायत.

त्या दिवसापासून बाईंनी बदल केला. रागावलेल्याला उद्या. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला आज. आत्ता. माणूस येऊ शकत नसेल तर बाई स्वतः जायच्या. आता तुम्ही आठवा. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी बाई आल्यात? वांगणीच्या पुढच्या पाड्यावर, चिखल तुडवत? हॉस्पिटलात, आईच्या उशाशी? बारवीकडच्या त्या ताई आल्यात ना, तुमच्या वडिलांनी झोपल्या झोपल्या अंगठा दिला, तुमच्या नावानं शेत राहिलं. तुम्ही म्हणालात, बाई देवासारख्या धावून आल्या. मी ऐकत होते आत्ता. ताई, त्या देवासारख्या नाही आल्या. त्या माझ्या रेश्मामुळे आल्या. हे मला एकदा चारचौघांत मोठ्यानं बोलायचं होतं. माझ्या पोरीला उशीर झाला, म्हणून तुमच्या माणसांच्या सह्या वेळेत झाल्या. बाईंच्या फोटोला हार घालताना तिची पण एकदा आठवण काढा. बस. एवढंच मागणं आहे.

आणि बाईंना ती आठवत नव्हती असं नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा ऑफिसात कुणी नव्हतं, आम्ही दोघी चहा घेत होतो. बाई हळूच म्हणाल्या, सुनंदाताई, एक विचारू? तुम्हाला दिसते का ती? मी म्हटलं, घरी दिसते. खुर्चीजवळ. बाई म्हणाल्या, मला इथे दिसते. बाकड्यावर. संध्याकाळी कुलूप लावायला वळले की वाटतं कुणीतरी बसलंय, अजून आत बोलावलेलं नाही. मी दार परत उघडते. मग लावते.

बघा. मी त्या बाईशी भांडत होते आणि आमच्या दोघींच्या घरात एकच पोर फिरत होती.

आज इथे येण्याआधी मी ऑफिसवरून आले. बंद आहे. जिना चढले, का चढले माहीत नाही. बाकडं रिकामं होतं. पण मला काही बसवेना त्याच्यावर. दोघींच्या अंगावर बसल्यासारखं झालं असतं.

लोक विचारतात, कुजबुजतात, बाईंनी स्वतःचं मृत्युपत्र केलं होतं का हो? केलं होतं. सगळं चोख आहे, अनघा मॅडम सांगतील. काहींची निराशा झाली असेल, त्याला इलाज नाही.

आता शेवटचं. आमचं शेवटचं भांडण.

निकाल जवळ आलाय. जजसाहेब चिऊला आपल्या खोलीत बोलावणार, आणि विचारणार, बाळा, तुला कुणाकडे राहायचं? गेल्या शुक्रवारी मी बाईंकडे गेले होते. बाईंनी विचारलं, चिऊ काय म्हणते? मी सांगितलं, खरं ते. म्हटलं, मागच्या शनिवारी भात खाता खाता विचारत होती, आजी, मी तुझं नाव घेतलं तर बाबा रडेल का? मी कौतुकानं सांगितलं हो. म्हटलं पोर माझंच नाव घेणार. बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, सुनंदाताई, सात वर्षांच्या पोरीच्या घशाखाली घास कसा उतरत असेल? मग म्हणाल्या, आपण दोघी अजून रेश्माची केस लढतोय. चिऊची लढतच नाही.

म्हणाल्या, मी भूषणला बोलावते. तुम्ही समोर बसा. शाळेचे दिवस तिकडे, सुट्टी इकडे, सणवार वाटून घ्या, कागद मी करते. आणि तुमचंही वय होतंय, तुमच्या मागे चिऊला आजोळ म्हणून काय ठेवायचं तेही लिहू. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बाई, तुम्ही वकील माझ्या का त्याच्या? मी त्याचं तोंड बघणार नाही. उठले आणि निघाले. बाई मागून म्हणाल्या, या परत. मी उत्तर दिलं नाही. आणि मंगळवारी ही बातमी.

उत्तर न घेता गेल्या. आता मी ते कुणाला देऊ?

तर आज मी हॉलमध्ये शिरले आणि बघते तर दाराशी भूषण. शेवटच्या रांगेत बसलाय बघा, पांढरा शर्ट. चिऊला घेऊन आलाय. मला म्हणाला, आई, बाईंचा मला सोमवारी फोन आला होता. म्हणाल्या, आजीला जाऊन भेट, ती ओरडेल, ऐकून घे. घटस्फोटाला एवढी वर्षं झाली तरी मला आई म्हणतो. ते मला इतके दिवस खुपायचं. आज काय झालं कुणास ठाऊक, खुपलं नाही.

भूषण, सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मला नंतर फिरता येणार नाही. रविवारी घरी ये. तुझ्या आईलाही आण. अनघा मॅडम, तुम्ही पण या. बोलायला बसू. जजसाहेबांच्या खोलीत पोरीला एकटं पाठवायचं नाही, एवढं माझं ठरलंय. बाकी काही ठरलेलं नाही. आणि मी गोड झालेय असं समजू नकोस. ओरडणार आहेच.

बाई, तुम्हाला मी माफ केलेलं नाही. तुम्हीही कधी माफी मागितली नव्हती. पण या तालुक्यात माझ्या पोरीसाठी माझ्याइतकं कुणी जागं राहिलं असेल तर त्या तुम्ही. माझा तुम्हाला नमस्कार. तिकडे ती भेटली तर तिला आधी आत बोलवा.

आता आपण बाईंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. मोबाइल बंद करा. खुर्च्यांचा आवाज करू नका, सावकाश उठा.

भूषण, तू उठू नकोस. झोप लागलीय तिला तुझ्या मांडीवर. बस तू तसाच.